दिवाळीपासून सेव्ह न केलेलं

नलूताई, तुम्हाला जाऊन आठवडा होत आला आणि कॉलेजातले तीनही स्विच अजून बिनतक्रार चालू आहेत. याचाच मला संशय येतो. तुम्ही साधी दोन दिवसांची रजा काढलीत तरी वरच्या मजल्यावरची लॅब बंद पडायची, आणि तुम्ही परत आलात की सुरू व्हायची. या खेपेला काल दिवसभर लाइट जाऊनही काहीच बिघडलेलं नाही. दिवे हिरवे, पंखे फिरताहेत, हॉस्टेलची पोरं खूश. जाताना तुम्ही काहीतरी करून गेला आहात, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, आणि ते खरं निघालं. तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणा. पण ते मला कधी कळलं, कसं कळलं आणि कळल्यावर मी काय केलं, हे ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. म्हणून हे लिहायला घेतलं.

परवा पासलीला तुमच्या घरी गेलो होतो. दाजी ओट्यावर बसले होते. इतकी वर्षं तुम्ही पहिल्या एस.टी.ने निघून शेवटच्या एस.टी.ने परत यायचात, पण कॉलेजात तुम्ही नेमकं काय करता हे त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "ती तितं करायची तरी काय रं?"

मी सांगितलं, कॉलेजातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी एका कपाटात येतात. तिथं तीन चपट्या लोखंडी पेट्या एकीवर एक बसवल्या आहेत, त्यांना स्विच म्हणतात. मागच्या बाजूने जाड केबलने त्या एकमेकींना जोडल्या की तीन राहत नाहीत, एकच होतात. त्यांतली एक म्होरकी. जे सांगायचं ते म्होरकीला सांगायचं, बाकीच्या दोघी मुकाट ऐकतात. आणि म्होरकीला सांगायचं कोणी, तर नलूताईंनी.

दाजी म्हणाले, "मंजी घरात चालायचं तसंच की."

मला हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. त्यांनी नजर वळवली. बरं झालं.

खरं सांगायचं तर आपण दोघंही जन्माचे संशयी. तुम्ही जगावर संशय घ्यायचात आणि मी तुमच्यावर. रॅकच्या दाराच्या फटीत तुम्ही काडेपेटीतली काडी अडकवून ठेवायचात, म्हणजे कोणी दार उघडलं की काडी खाली पडावी. एकदा ती पडलेली दिसली तेव्हा वॉचमनपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी झाली. शेवटी उंदीर सापडला. तरी तुमचं समाधान होईना. "पर उंदराला आत सोडला कुनी?" असं तुम्ही मला विचारलंत, आणि ते माझ्याकडे रोखून बघत. आमच्या भोरच्या घरी ईदला आलात की शीरखुर्म्याच्या वाटीत आधी चमचा फिरवून बघायचात. "भाभी, ह्यात काय काय घातलंय?" अम्मी एकेक जिन्नस सांगायची, तुम्ही मान डोलवायचात, आणि मग दुसरी वाटी मागून घ्यायचात. तुम्ही गेल्यावर अम्मी म्हणायची, "तपासनी करायला येती, पर मानूस लई चांगलं हाय." कॉलेजात तुम्ही सगळ्यांशी शुद्ध बोलायचात आणि माझ्याशी घरचं. त्याचाही मी बरेच दिवस अर्थ लावत होतो.

आपल्यात जे बिनसलं ते तिसऱ्या स्विचपासून. आधी दोनच होते. लॅब वाढली आणि तिसरा आला, तोही जुना, पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. तुम्ही त्याला हात लावायच्या आधीच नाक मुरडलंत. "दुसऱ्याच्या घरात ऱ्हाऊन आलाय. काय काय शिकून आलाय कुनाला म्हाईत." मग तुम्ही त्याला टेबलावर घेऊन आतलं सगळं पुसून काढलंत. पाटी कोरी झाल्याची खात्री दोनदा करून घेतलीत, आणि मगच त्याला त्या दोघांच्या खाली बसवलंत.

पण प्रत्येक पेटीला एक मानाचा आकडा असतो. सगळ्या एकदम चालू झाल्या की जिचा आकडा मोठा, ती म्होरकी. पेटी पुसली तरी हा आकडा पुसला जात नाही, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात तो पाहुणा म्होरक्या होता. लाइट कधी न जाणाऱ्या गावात आपली ही चूक कित्येक वर्षं झाकून राहिली असती. आपल्याकडे भारनियमन. त्या आठवड्यातच यूपीएसची बॅटरी बसली, तिघेही एकदम बंद पडले, आणि लाइट आल्यावर एकदम उठले. पाहुण्याचा आकडा सगळ्यात मोठा निघाला. पाहुणा कोरा होता. बाकीच्या दोघांनी मुकाट त्याचं ऐकलं आणि तेही कोरे झाले.

फॉर्म भरायचा दिवस होता. ऑफिसच्या खिडकीबाहेर पोरांची रांग, आत प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. तुम्ही खुर्ची ओढून रॅकसमोर बसलात, डोळे मिटलेत आणि मला म्हणालात, "लिव्ह." मग एकेक भोक, त्यातली वायर कुठल्या खोलीत जाते, त्या खोलीला काय बघायला परवानगी आणि काय बघायला नाही, हे तुम्ही सांगत गेलात आणि मी टाइप करत गेलो. मध्येच डोळे उघडून विचारायचात, "लिवलंस का न्हाई खरं?" दुपारी डबा उघडला तेव्हा तुम्ही तुमच्यातली अर्धी भाकरी मला दिलीत, विचारलंसुद्धा नाहीत. दिवस कलायच्या आत सगळं जिथल्या तिथे आलं. तो दिवस माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला दिवस होता, ताई. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, का रे, काय पाहिजे तुला?

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही माझा पासवर्ड बदललात. तोवर आपण दोघंही स्विचमध्ये काहीही करू शकायचो. त्या दिवसापासून मला फक्त बघायचा अधिकार राहिला, बदलायचा सगळा तुमच्याकडे. "आता हात एकाचाच," तुम्ही म्हणालात. "दोन हात झाले की कुनाचं चुकलं ते उमगत न्हाई." पाहुण्याला पुसलं तुम्ही, बसवलं तुम्ही, आणि हात काढून घेतला माझा. मी एक शब्द बोललो नाही. मनात मात्र तुमच्या नावाने बरंच काही बोललो.

तेव्हापासून तुमची दुसरी सवय मला टोचायला लागली. स्विचला काही नवीन सांगितलं की तो ते लगेच करायला लागतो, पण ते त्याच्या चालत्या आठवणीत असतं. सेव्ह केलं तरच कायम. सेव्ह न करता लाइट गेली की तो मागच्या सेव्हवर परत जातो. आता भारनियमनाच्या गावात कोण शहाणा माणूस सेव्ह करायचं थांबेल? तुम्ही थांबायचात. दोन दिवस, आठवडा, कधी पंधरवडा. लाइट जायची, यूपीएस दम तोडायचा, तुमचा बदल उडून जायचा, आणि ऑफिसातून हाका सुरू व्हायच्या, "नलूताई कुठे आहेत? नलूताईंना बोलवा." युनूसला बोलवा, असं कोणीच म्हणायचं नाही. बोलावून तरी काय करणार होते? युनूस फक्त बघणार होता.

एकदा तुमची एस.टी. चुकली आणि मी तुम्हाला मोटारसायकलवरून वेल्ह्याच्या दिशेने सोडायला निघालो. धरणाचं पाणी दिसायला लागलं तिथं तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. मी म्हटलं, काय झालं? तुम्ही पाण्याकडे बोट केलंत. "त्यात आमची भाताची खाचरं." गुंजवणे तुमचं माहेर आहे हे मला ठाऊक होतं, हे ठाऊक नव्हतं. मग तुम्ही सांगितलंत, "आमच्या आण्णांनी धरनाच्या बैठकीत एकदा व्हय म्हनलं. घरी येऊन आईशी बोलल्यावर वाटलं, न्हाई म्हनावं. पर तवर न्हाई म्हनायला जागाच ऱ्हायली न्हाई." गाडीवर पुन्हा बसताना म्हणालात, "म्हनून म्या लगीच सेव्ह करत न्हाई. चुकलं तर नुसती लाइट घालवायची, पयलं हाय तसं समदं माघारी येतं. असं कुठं मिळतंय मानसाला?"

मला फार भरून आलं. तुम्हाला सोडून परत फिरलो, नसरापूरच्या अलीकडे आलो, तेवढ्यात मनातला दुसरा युनूस जागा झाला. म्हणाला, गोष्ट झकास आहे, पण तिने एका दगडात किती पक्षी मारले बघ. गोष्ट ऐकून तू रडवेला झालास, आणि पासवर्ड अजून तिच्याच पदरात.

मग दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाचा चहा. नवा जनरेटर आला होता. सगळे खूश होते, की आता लाइट गेली तरी यूपीएस दमायच्या आत जनरेटर लागेल आणि काहीच बंद पडणार नाही. मला काय सुचलं कोण जाणे, कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर मी म्हणालो, "ताई, तुमी मुद्दाम सेव्ह करत न्हाई. सगळ्यांनी तुमच्या मागं मागं फिरावं म्हणून."

तुम्ही बशीत चहा ओतलात. फुंकर घातलीत. "व्हय. मुद्दामच."

"आणि मी काय चोर हाय? मला नुसतं बघायचा पासवर्ड?"

"चोर असतास तर सोपं झालं आसतं. चोरावर नजर ठेवून भागतंय."

याचा अर्थ काय हे मी विचारलं नाही, तुम्ही सांगितला नाहीत. बशी रिकामी केलीत आणि उठलात. मी कानाला खडा लावला. त्या दिवसापासून मी स्विचमध्ये लॉगिन करणंच सोडलं. नुसतं बघायचंच असेल तर रॅकसमोर उभं राहून दिवे बघता येतात, त्याला पासवर्ड कशाला? दिवाळीनंतर तुम्ही दरवर्षीसारखा अम्मीसाठी नव्या तांदळाचं गठुडं आणलंत. मी घेतलं, "देतो" म्हणालो, तुमच्याकडे बघितलं नाही. नंतरच्या महिन्यांत लॅबवाल्यांनी कुठलाही बदल मागितला की तुम्ही टोलवायचात. परीक्षा होऊ दे, उन्हाळ्यात बघू, घाई काय आहे. तुम्हाला काम नकोसं झालंय की यामागे काही डाव आहे, याच्यावर मी जेवताना विचार करायचो.

आणि मग एका सकाळी दाजींचा फोन आला. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. आधी तुमच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, ते मनापासून बोलले. मग म्हणाले, "पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय का त्यांनी?" मी म्हटलं, नलूताई आणि लिहून ठेवणार? तेव्हा त्यांनी खरी अडचण सांगितली. जनरेटर दुरुस्तीला गेला आहे, आठवडाभर येत नाही. गुरुवारी दिवसभर लाइट जाते. यूपीएस तासभर तग धरेल. "त्यानंतर काय होईल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लाइट आल्यावर चालू होतील, पण पुढे काही बदलायचं म्हटलं तर बदलणारं माणूस नाही. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागेल, आणि कुठली वायर कुठल्या खोलीत जाते हे ज्यांना पाठ होतं त्या आता नाहीत.

खाली आलो. रॅकच्या दारात काडी होती, तुम्हीच लावलेली. ती काढून मी खिशात ठेवली. किती महिन्यांनी माझ्या त्या बिनकामाच्या पासवर्डने लॉगिन केलं, निदान बघावं तरी म्हणून. आत गेल्यावर ओळीच्या शेवटी एक खूण येते. नुसतं बघणाऱ्याला वेगळी, बदलणाऱ्याला वेगळी. मला बदलणाऱ्याची खूण दिसली.

मी बाहेर पडलो, पुन्हा आत गेलो. तीच खूण. मग शेवटचा बदल कोणी आणि कधी केला ते काढून बघितलं. तुम्ही. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी. म्हणजे कॅन्टीनमधून उठून तुम्ही तडक खाली गेलात, मला सगळा अधिकार दिलात, तुमच्याइतकाच, आणि शेवटच्या एस.टी.ने पासलीला गेलात. त्यानंतर तुम्ही स्विचला हात लावला नाहीत. आणि सेव्ह केलं नाहीत.

दिवाळीपासून, ताई. एवढे महिने दार उघडं होतं आणि मी बाहेर रुसून उभा होतो. आणि तुम्ही रोज समोर बसून डबा खात होतात, चटणी पुढे करत होतात, एका शब्दाने बोलला नाहीत.

सोमवारपासून मी त्याच्याच मागे आहे. तुम्ही मला पारखत होतात का, की हा आत येऊन काय करतो ते बघू, नाही पटलं तर एकदा लाइट घालवली की झालं? तसं असेल तर इतक्या महिन्यांत तुमची खात्री पटली नाही, हा माझा अपमान आहे. की जनरेटरमुळे काही बंदच पडेना आणि तुम्हीही विसरून गेलात? तुम्ही आणि विसरणार, हे मला मान्य नाही. की सेव्ह मी करायचं होतं? अधिकार तुम्ही द्यायचा आणि घ्यायचा मी, असं काही होतं का तुमच्या मनात? सेव्ह करावं म्हटलं तर तुम्ही न ठरवलेलं मी परस्पर ठरवून टाकतोय असं वाटे. न करावं तर गुरुवारी लाइट जाईल, आणि तुम्ही मला दिलेली एकमेव गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी होईल. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी सेव्ह केलं नाही.

म्हणून परवा बुधवारी पासलीला गेलो. दाजींना आडून आडून विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणायच्या का? ते म्हणाले, "तू लई डोक्यात होतास तिच्या. म्हनायची, पोरगं रुसलंय. एकडाव इचारत बी न्हाई." मी म्हटलं, काय विचारायचं होतं? दाजी म्हणाले, "त्ये काय सांगितलं न्हाई. मला ती एटीएमचा नंबर सुदिक सांगत नव्हती." तुम्ही असं खरंच म्हणाला होतात, की मला बरं वाटावं म्हणून दाजींनी ते जुळवलं, हे मला कळलेलं नाही. निघताना त्यांनी अम्मीसाठी तांदूळ दिले. तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

काल गुरुवार. सकाळीच लाइट गेली. यूपीएसने टिकटिक लावली. मी रॅकसमोर तुमच्या खुर्चीवर बसलो, लॉगिन केलं, आणि बसून राहिलो. प्राचार्य दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "अहो, करा की काय करायचं ते. कशाची वाट बघताय?" त्यांना काय सांगणार? टिकटिक जलद झाली. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, "ताई, इचारतो. करू का सेव्ह?" खोलीत कोणी नव्हतं. तुम्ही असतात तरी चटकन हो म्हणाला नसतात, हे मला माहीत आहे. मी सेव्ह केलं. स्विचने नेहमीप्रमाणे एकदा विचारलं, खात्री आहे ना? मी एंटर दाबलं. त्यानंतर थोड्याच वेळात यूपीएस बंद पडला, पंखे थांबले, आणि खोली इतकी शांत झाली की बाहेर माळावर चरणाऱ्या म्हशींच्या घंटा ऐकू यायला लागल्या.

संध्याकाळी लाइट आली. तिघेही उठले. त्या फॉर्मच्या दिवसानंतर तुम्ही मोठा आकडा देऊन ठेवलेला आपला पहिला स्विच म्होरक्या झाला, बाकीच्या दोघांनी ऐकलं, एकेक खोली जागी झाली. मी लॉगिन केलं. बदलणाऱ्याची खूण जागेवर होती. प्राचार्यांनी वरून सांगितलं होतं, गेलेल्या माणसाचं नाव स्विचमधून काढून टाका, नियम आहे. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं तुम्हीच काढायचात, आणि ते काम दुसऱ्याला देत नव्हतात. तुमचं नाव मी काढलं नाही. त्याचा पासवर्ड जगात कोणाला ठाऊक नाही, तेव्हा धोकाही नाही.

तरी खात्री असावी म्हणून एक गोष्ट केली. या घडीला स्विचच्या आत कोण कोण आहे, ते विचारता येतं. मी विचारलं. उत्तर यायला क्षणभर उशीर झाला, तेवढ्या वेळात मी खुर्चीतून पुढे झुकलो होतो. आत फक्त मी होतो.